आलं तसं पुढे

४ सप्टेंबर १९८३, रविवार

“दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या माझ्या माय-बहिणींनो, बापांनो, भावांनो. आपण लाखोंनी येतो आणि दरवर्षी आपली माणसं आपल्याच गर्दीत हरवतात. कुणाची आई, कुणाचा म्हातारा, कुणाचं लेकरू. भोंग्यावरून दिवसभर नावं पुकारली जातात आणि वारा ती नावं घेऊन जातो. मागच्या वर्षी एका वर्तमानपत्रानं लिहिलं, ही मंडळी अडाणी आहेत म्हणून हरवतात. मी विचारतो, शोधायची व्यवस्था कुणी कधी उभी केली होती?”

सोळा ऑक्टोबरच्या भाषणाची ही सुरुवात. दसऱ्याच्या संध्याकाळी बाजूच्या मंडपात मी दरवर्षी बोलतो आणि लोक माझ्यासाठी थांबतात, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. सुरुवात साधली. शेवट अजून सुचलेला नाही.

व्यवस्था मात्र यंदा उभी राहणार. पुष्पलता नगरारे ही माझ्या दिवंगत मित्राची मुलगी, तंत्रनिकेतनात शिकवते. तिने खटपट करून चार वायरलेस सेटांचा परवाना मिळवला आहे, फक्त दसऱ्याच्या दिवसांपुरता. परवाना देणाऱ्या साहेबाने तिला विचारलं, “चालवणार कोण? तुमचे लोक?” ती म्हणाली, “हो, आमचेच लोक.” एवढंच बोलून आली. मी असतो तर त्या साहेबाला अर्धा तास ऐकवलं असतं.

यंदा फजिती झाली तर पुढच्या वर्षी परवाना मिळणार नाही, हे साहेबाने बजावून सांगितलं आहे.

११ सप्टेंबर

आज इंदोऱ्याच्या विहाराच्या आवारात सेट आले. विटेएवढं धूड, वर लांब एरियल. एक माझ्या हाती, एक बाबाराव ढोक्यांच्या. बाबाराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. जन्मभर शिट्टी आणि झेंडीवर गाड्या चालवल्यामुळे माणसाच्या बोलण्यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. आम्ही समोरासमोर उभे राहून बोललो. त्यांच्या सेटमधून माझा आवाज निघेना, माझ्यातून त्यांचा.

“दोन्ही बिघडलेले आहेत,” मी म्हणालो.

“एकही नाही बिघडला, काका,” पुष्पा म्हणाली. तिने पाठीमागचं झाकण काढून आतला नखाएवढा स्फटिक दाखवला. सेट कोणत्या लहरीवर बोलेल आणि ऐकेल हे तो स्फटिक ठरवतो. माझ्यातला वेगळा, बाबारावांचा वेगळा. त्यामुळे हाताच्या अंतरावर उभे राहूनही आम्ही एकमेकांना बहिरे.

“मग यातला बरोबर कोणता?”

“दोन्ही बरोबर. फक्त दोघांचं आपसात ठरलं नाही.”

याला ती स्टँडर्ड म्हणते. लहर कोणती, आधी बोलायचं कुणी, संपलं हे कळवायचं कसं, मिळालं हे सांगायचं कसं, हे सारं आधी ठरवायचं आणि मग सगळ्यांनी पाळायचं. कोशात मानक हा शब्द सापडला. मला ठराव जवळचा वाटतो. आयुष्यभर ठराव मांडत आलो. पाळलेले मात्र थोडेच पाहिले.

२५ सप्टेंबर

चारही सेट आता एका लहरीवर आहेत. आज कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर चार कोपऱ्यांत उभे राहून पहिली चाचणी घेतली. पुष्पा, बाबाराव, मी आणि विहारातला कार्यकर्ता कवडू.

बटण दाबून धरलं की बोलता येतं, पण तेवढा वेळ ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंही वाया जातं. एवढं सांगून पुष्पाने मला सुरुवात करायला सांगितली.

मी बटण दाबून जय भीम म्हणालो.

कुणी जय भीम घातला तर उत्तर न देता कोण राहील? तिघांनी एकदम बटणं दाबली. सेटमधून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. आपला जय भीम पोचला नाही असं वाटून कवडूने पुन्हा म्हटलं. त्यावर आम्ही तिघांनी पुन्हा उत्तर दिलं. बराच वेळ चौघं एकमेकांना जय भीम घालत होतो आणि कुणालाही कुणाचा ऐकू येत नव्हता.

शेवटी बाबाराव मैदान ओलांडून चालत आले. “मारोतराव, एकमेकाले इतका मान देऊन राहिलो गा आपण, का बोलाचंच राहून गेलं.”

पुष्पा म्हणाली, पोलिसांत आणि लष्करात नमस्कार-चमत्कार नसतात. शेवटी ओव्हर म्हणतात. आपणही तसंच करू.

मी संतापलो. जय भीम हा शब्द तोंडातून काढला म्हणून खेड्यापाड्यांत माणसांनी लाठ्या खाल्ल्या, गाव सोडलं. तो मी एका यंत्राच्या सोयीसाठी गिळणार नाही. हे मी बरंच विस्ताराने सांगितलं. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरंही ऐकायला जमली.

पुष्पाने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ठीक आहे, काका. गिळू नका. मग त्याला काम द्या.”

तिची योजना अशी. सुरुवातीला अभिवादन नाही. आधी ज्याच्याशी बोलायचं त्याचं ठिकाण, मग आपलं ठिकाण, मग मजकूर. मजकूर संपला की जय भीम. त्याचा अर्थ, माझं झालं, बटण सोडलं, आता तू बोल. ज्याचं नाव घेतलं त्यानेच उत्तर द्यायचं. सगळं नीट मिळालं असेल तर त्याने फक्त जय भीम म्हणायचं. अर्धवट मिळालं असेल तर म्हणायचं नाही, पुन्हा मागायचं.

पुन्हा चाचणी घेतली. खरवड नाही, गोंधळ नाही. जगात कुणाचं असं स्टँडर्ड असेल असं वाटत नाही. हे माझ्यामुळे झालं.

२ ऑक्टोबर

आज जागा ठरल्या. पुष्पा दीक्षाभूमीवरच्या चौकशी तंबूत, बाबाराव रेल्वे स्टेशनवर, कवडू बसस्टँडवर. मला मुख्य मंडपाजवळची जागा मिळेल असा माझा समज होता. मिळाली धंतोलीतल्या एका डॉक्टरांची गच्ची.

कारण असं आहे. तंबूतून स्टेशनपर्यंत या सेटांचा आवाज पोचत नाही. इमारती आडव्या येतात. गच्चीवरून मात्र दोन्हीकडचं ऐकू येतं. तेव्हा तंबूचं मी ऐकायचं आणि स्टेशनला सांगायचं. स्टेशनचं ऐकायचं आणि तंबूला सांगायचं. आलं तसं पुढे.

“म्हणजे मी पोस्टमन,” मी म्हणालो.

“पोस्टमन पाकीट फोडत नाही, काका,” पुष्पा म्हणाली. बापासारखीच आहे. हसत बोलते आणि वर्मावर बोलते.

घरी कौसल्येला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “चांगलं झालं. तुमच्या हातात पह्यल्यांदा गप्प बसाचं यंत्र आलं.” पस्तीस वर्षांचा संसार आहे. 

९ ऑक्टोबर

रंगीत तालीम. पुष्पाने तंबूतून संदेश दिला, “मुलगी, वय सहा, लाल रिबीन, नाव वंदना, आईचं नाव शांता, जय भीम.”

मी स्टेशनला सांगितलं, “बाबाराव, आईच्या कुशीतून दुरावलेली एक निरागस बालिका, केसांत लाल फीत, आपल्या मायेच्या शोधात व्याकूळ होऊन...” अशी सुरुवात करून मी वंदना नावापर्यंत येत होतो.

बाबाराव मध्ये बोलू शकत नव्हते, कारण बटण मी दाबून धरलं होतं. सुटल्यावर म्हणाले, “मारोतराव, तुमचं वाक्य सरेपर्यंत माही गाडी बल्लारशाले पोचते. ते पोरगी केवढी हाय, ते सांगा ना गा.”

वय सांगायचं राहिलं होतं. मी दुसऱ्यांदा सांगितलं.

पुष्पा संध्याकाळी एवढंच म्हणाली, “आलं तसं पुढे, काका.” मला तिचं पूर्णपणे पटत नाही. आपल्या माणसाबद्दल हवेत जे बोललं जाईल ते मानाचं असावं. आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या कसल्या शब्दांनी हाका मारल्या गेल्या हे मला ठाऊक आहे. तरीही फाफटपसारा कमी करीन. तालमीत तसं कबूल केलं.

१४ ऑक्टोबर

सकाळपासून गच्चीवर. वर्धा रोड माणसांच्या पांढऱ्या कपड्यांनी पांढरा झाला आहे. डोक्यावर बोचकी, काखेत लेकरं, हातात निळे झेंडे. माणसं येताहेत आणि येताहेत.

आतापर्यंत माझ्या हातून ज्यांचे संदेश गेले ती सगळी हरवलेली माणसं सापडली. संदेश थोडक्यात दिले. माझा आवाज ओळखून खाली काही लोक थांबले, “मारोतराव गजभिये बोलून राहिले” म्हणाले, आणि भाषण सुरू व्हायची वाट पाहत बसले. ते काही सुरू होईना, तेव्हा निघून गेले.

१५ ऑक्टोबर, दुपार, गच्चीवर

मघाशी तंबूतून पुष्पाचा संदेश आला. लहानू रामटेके, वरोऱ्याकडच्या एका खेड्यातले, वय सत्तरच्या पुढे, अजिबात ऐकू येत नाही. पांढरा सदरा, धोतर. उजव्या पायाची चप्पल निळ्या चिंधीने पायाला बांधलेली. स्टेशनबाहेर गर्दीत बायकोचा हात सुटला. बायको, इंदूबाई, तंबूत बसून आहे.

मी जय भीम म्हणालो. म्हणजे पूर्ण मिळालं.

ऐकू न येणाऱ्या माणसाला भोंगा काय कामाचा? नाव पुकारून घसा फुटला तरी त्याला पत्ता नाही. तो आयुष्यात कधी एकटा कुठे गेलेला नाही आणि स्टेशनवर गाड्या लागलेल्या असतात. कुणाच्या मागोमाग एखाद्या डब्यात चढला तर कुठल्या मुलखात उतरेल सांगता येत नाही. आमची ही सगळी खटपट नेमकी अशाच माणसासाठी आहे.

स्टेशनला मी असं कळवलं, “लहानू रामटेके, वृद्ध, ऐकू येत नाही, पांढरे कपडे, जवळ निळी खूण आहे, जय भीम.” आटोपशीर. पुष्पालाही आवडलं असतं.

चिंधी आणि चप्पल मी वगळली. हे विचार करून केलं. तो रंग आमच्या निशाणाचा आहे. त्याच्यासाठी मी तुरुंगात गेलो, डोक्यात टाके घेतले. तो रंग आणि पायताण हे दोन शब्द माझ्या तोंडून एका वाक्यात निघणार नाहीत. आणि आमच्या एका म्हाताऱ्याची चप्पल चिंधीने बांधलेली आहे, हे परक्यांनी कशाला ऐकायचं? लहर कुणाच्या मालकीची नसते. ऐकणारे साहेबही असतील. निळी खूण म्हटलं की पुरे.

नंतर

बाबाराव दोनदा बोलले. पहिल्यांदा म्हणाले, “खूण कोणती, खिशावर का टोपीवर?” मी म्हणालो, निळी. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज चढलेला होता. “मारोतराव, इथं फलाटावर जो तो पांढरा अन् ज्याच्या त्याच्याजवळ निळं. कोणाकोणाले हलवून पाहू? ऐकाले येत नाही तं नाव तरी कसं पुकारू? अन् आमल्याची पॅसेंजर लागून हाय. थोड्या वेळात सुटते.” आमला मध्य प्रदेशात, वरोऱ्याच्या नेमकं उलट्या दिशेला.

तंबूतून पुष्पा दर थोड्या वेळाने विचारते. मी शोध चालू आहे सांगतो.

सायंकाळ

घडलं तसं लिहितो.

चारच्या सुमारास तंबूकडून आवाज आला, पण पुष्पाचा नव्हे. पुष्पाने सेट म्हातारीच्याच हातात दिला होता.

“बटन दाबलं ना वं पोरी? बोलू? भाऊ, मी इंदूबाई बोलून राहिली. लहानूची बायको. टेसनाबाहेर आमच्या बुढ्याच्या चपलेचा अंगठा तुटला. डांबर तापलं होतं, पाय पोळून राह्यले होते त्याचे. मंग मीनं लुगड्याचा निळा काठ फाडला अन् चप्पल पायालेच बांधून देली. गाठ अशी मारली का त्याच्या हातानं सुटाची नाही. बाकी त्याच्यापाशी वेगळं काहीच नाही, भाऊ. सदरा साऱ्याइसारखा, धोतर साऱ्याइसारखं. तेवढी गाठच माही हाय. टेसनावरच्या भाऊले हे सांगतलं ना तुमीनं? जय भीम.”

तिलाही पुष्पाने शेवट शिकवला होता. आणि आमच्या स्टँडर्डप्रमाणे तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं. मी बटण दाबलं. मग जय भीम म्हणालो.

त्यानंतर स्टेशनला बोलावलं. मी व्यासपीठावर नेहमी पुस्तकी मराठी बोलतो. तीही मी लढून मिळवली आहे. पण आज म्हातारीचं बोलणं माझ्या कानांत ताजं होतं आणि ते बदलायला वेळ नव्हता. “बाबाराव, इंदूबाई सांगून राहिली ते आइका. उजव्या पायाची चप्पल लुगड्याच्या निळ्या काठानं पायालेच बांधून देली हाय. गाठ त्याच्या हातानं सुटाची नाही. बाकी साऱ्याइसारखं. जय भीम.”

“आता कसं समजलं गा,” बाबाराव म्हणाले, आणि नियमाप्रमाणे जय भीम म्हणाले.

मग सेट मुका झाला. गच्चीवरून स्टेशनच्या बाजूची इंजिनाची शिट्टी ऐकू येते. एक शिट्टी झाली. ती आमल्याच्या गाडीची की शंटिंगच्या इंजिनाची, हे मला कळलं नाही. माझ्या हयातीत इतका वेळ मी बोलल्यावाचून काढलेला नाही.

नंतर बाबाराव आले, दम लागलेला. “सापडला. चपलेसकट. जय भीम.”

सविस्तर हकिगत त्यांनी संध्याकाळी सांगितली. रात्रभर प्रवास केलेली माणसं सावली पाहून फलाटावर आणि उभ्या डब्यांत तोंडावर पांढरी पांघरुणं ओढून झोपली होती. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून ज्याच्या त्याच्या उशाखाली. बाबाराव गार्ड असताना चाकं तपासत गाडीच्या कडेने जायचे, तसे फक्त पाय पाहत गेले. आमल्याच्या गाडीत मधल्या डब्यात बाकावर एकच पाय असा होता ज्याच्यात चप्पल होती. गाठ सुटत नसल्यामुळे लहानूला ती काढताच आली नव्हती. बाबारावांनी त्यांना हलवलं, गाठीवर बोट ठेवलं, आणि मग बाहेर बोट दाखवलं. म्हातारा उठून मागे चालू लागला. दोघं उतरले आणि गाडी हलली.

तंबूत इंदूबाईने नवऱ्याला ऐकू येत नसतानाही सगळं ऐकवलं. मग खाली बसून सैल झालेली गाठ पुन्हा आवळून दिली.

बाबारावांनी मला विचारलं, “चपलेचं इंदूबाईनं मागाहून सांगतलं का गा?” मी म्हणालो, संदेश वाटेत थोडा कमी झाला असावा. ते म्हणाले, “वाटेत तं तुम्हीच होते.” पुष्पा सेटची बॅटरी काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

कौसल्येने आज जेवताना विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, आज चांगलं काम झालं. खरंच झालं.

१६ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

परवान्याच्या कचेरीतले साहेब तंबूत येऊन गेले. बराच वेळ उभे राहून त्यांनी संदेश ऐकले. मग पुष्पाला विचारलं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हे जय भीम काय आहे? ती म्हणाली, “आमचं स्टँडर्ड आहे, सर. पोचलं नाही तर म्हणत नाही.” त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वर्षीचा अर्ज वेळेत करा म्हणाले. हे तिने मला गच्चीवर कळवलं. मी ते जसंच्या तसं स्टेशनला कळवलं. एक शब्द वाढवला नाही, कमी केला नाही. छाती भरून आली होती, तरीही.

संध्याकाळी तासाभरापुरता गच्चीवर दुसरा माणूस येईल आणि मी मंडपात जाईन. मागचे सगळे कागद बाजूला ठेवले. भाषण इतकंच करणार आहे. कौसल्येला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “संपलं?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मंग मी पण येतो आइकाले.”

“दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेल्या माझ्या माय-बहिणींनो, बापांनो, भावांनो. दरवर्षी आपली माणसं आपल्याच गर्दीत हरवत आली. आपल्याला अडाणी म्हटलं गेलं. यंदा एक पोरगी उभी राहिली, चार यंत्रं आली, आणि हरवलेली माणसं सापडली. यंत्रं चालवणारे आपणच होतो. शोधणारे आपणच होतो.

“आपण सगळे पांढऱ्या कपड्यांत येतो. सगळ्यांच्या हाती निळं निशाण असतं. याचा मला अभिमान आहे आणि मरेपर्यंत राहील. पण आपण सगळे सारखे दिसतो. काल एक माणूस सापडला तो त्याच्या पायामुळे. त्याच्या चपलेला त्याच्या बायकोनं आपल्या लुगड्याचा निळा काठ फाडून बांधला होता. आपल्या निशाणाचा रंग मी पुष्कळ उंच फडकताना पाहिला आहे. काल तो पायाला बांधलेला होता आणि त्यानं माणूस घरी आणला.

“म्हणून एकच काम सांगतो. आता तुम्ही उठाल आणि गाडीकडे निघाल. उठण्याआधी, शेजारी बसलेल्या आपल्या माणसाच्या पायांकडे पाहा. चप्पल कोणती, पट्टा कसा, बांधली असेल तर कशानं. नीट पाहून घ्या. मग उठा.

“जय भीम.”